उच्च न्यायालयात हरल्यानंतर, दिल्लीला जाण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

कोर्टाच्या मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर, टंकलेखन आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे पेपरबुक (याचिका आणि तिला जोडलेल्या कागदांची बांधलेली प्रत) तयार करून देणे एवढीच कामे आमच्या छोट्या फर्ममध्ये होतात. आम्ही वकिली करत नाही आणि आपले प्रकरण टिकेल की नाही हे सांगण्याचा आम्हांला अधिकारही नाही. तरीही हे पत्रक काढावेसे वाटले, कारण कागदांचे गाठोडे घेऊन येणारे पक्षकार पहिल्या पाच मिनिटांत जे विचारतात ते बहुधा भाषांतराविषयी नसते. "दिल्लीत पुन्हा साक्षी होतील का?", "अपील टाकले म्हणजे ताबा थांबला ना?", "नक्कल मिळाल्यापासून तीन महिने ना?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे येण्याआधीच आपल्याला ठाऊक असावीत, कारण त्यांवरच आपला पैसा आणि आपले उरलेले दिवस कसे खर्च होणार हे ठरते.

अपील नव्हे, आधी परवानगी

तालुक्याच्या कोर्टातून जिल्हा न्यायालयात पहिले अपील करता येते आणि तिथून उच्च न्यायालयात दुसरे, त्यामुळे तिसरे अपील दिल्लीत आपोआप होत असेल असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दिवाणी दाव्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत हक्काने पोहोचण्याची वाट फार अरुंद आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३३ प्रमाणे त्यासाठी उच्च न्यायालयाचा दाखला लागतो. प्रकरणात सार्वत्रिक महत्त्वाचा असा कायद्याचा महत्त्वपूर्ण प्रश्न आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयानेच सोडवण्याची गरज आहे, असे त्या दाखल्यात नमूद व्हावे लागते. पूर्वी दाव्याची किंमत वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक असणे हीही एक वाट होती, परंतु तिसाव्या घटनादुरुस्तीने ती १९७३ पासून बंद झाली, म्हणून आज जमिनीची किंमत कोटीत असली तरी तेवढ्याने काही साधत नाही. फौजदारी प्रकरणांत हक्काचे अपील आहे, पण ते मोजक्या प्रसंगी मिळते, उदाहरणार्थ खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने अपिलात दोषी धरून फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली शिक्षा दिली असेल तेव्हा. काही विशेष कायद्यांखाली न्यायाधिकरणाच्या किंवा राष्ट्रीय आयोगाच्या निर्णयावर थेट अपील करता येते. त्यांच्या मुदती वेगळ्या आणि बऱ्याचदा कमी असतात, त्यामुळे अशा प्रकरणात पुढे दिलेला ९० दिवसांचा हिशेब कृपया गृहीत धरू नये.

बाकी सर्वांसाठी उरतो तो अनुच्छेद १३६, म्हणजेच ज्याला सगळे एसएलपी म्हणतात ती विशेष अनुमती याचिका. या याचिकेत आपण अपील करत नसून अपील करण्याची परवानगी मागत असतो. ही परवानगी देणे वा न देणे न्यायालयाच्या विवेकाधीन असून ती अपवादात्मक परिस्थितीतच द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने स्थापनेच्या वर्षीच, १९५० साली, प्रीतमसिंगच्या खटल्यात म्हटले होते. परवानगी मिळाली तरच याचिकेचे अपिलात रूपांतर होते, तिला अपिलाचा क्रमांक पडतो आणि मग उच्च न्यायालयाचा निर्णय खऱ्या अर्थाने तपासणीखाली येतो.

यातूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. साक्षी पुन्हा होत नाहीत. खालच्या न्यायालयांनी एखादी वस्तुस्थिती एकमताने मान्य केली असेल, तर आपल्याला ती कितीही खोटी वाटली तरी सर्वोच्च न्यायालय सहसा तिच्यात हात घालत नाही. निष्कर्ष पुराव्याशी पूर्ण विसंगत असेल, महत्त्वाचा पुरावा नजरेआड झाला असेल किंवा कायदाच चुकीचा लावला गेला असेल, तर गोष्ट वेगळी. एक गृहस्थ आमच्याकडे वाटणीच्या दाव्यातल्या अकरा साक्षीदारांच्या संपूर्ण जबान्या भाषांतरासाठी घेऊन आले होते. त्यांच्या दिल्लीच्या वकिलांना हवी होती ती केवळ एक जबानी, त्यातलीही उलटतपासाची चार पाने, कारण ती विचारात न घेताच निकाल दिला गेला हा त्यांचा मुद्दा होता. भाषांतराचे पैसे पानांवर होतात. म्हणून आपल्या वकिलांकडून कोणते कागद जोडायचे याची यादी आधी लिहून घ्यावी आणि मगच आमच्याकडे यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. यात आमचे काम कमी होते हे खरे, पण आपण हरलेल्या दाव्यावर आधीच पुष्कळ खर्च केलेला असतो.

९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध विशेष अनुमती याचिका दाखल करण्याची सर्वसाधारण मुदत निकालाच्या तारखेपासून ९० दिवस आहे. उच्च न्यायालयाकडे अपिलासाठी दाखला मागितला आणि तो नाकारला गेला, तर नकाराच्या तारखेपासून ६० दिवस. मोजणी निकालापासून होते, नक्कल हातात पडल्यापासून नव्हे. मात्र प्रमाणित नक्कल मिळण्यासाठी आवश्यक तेवढा काळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतो, आणि नेमका इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो.

प्रमाणित नक्कल हातात आली की तिच्यावरचा शिक्का पाहावा. अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि नक्कल दिल्याची तारीख तिथे वेगवेगळी लिहिलेली असते. वजावट मिळते ती अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतच्या काळाची. निकालानंतर आपण चाळीस दिवस अर्जच केला नसेल तर ते चाळीस दिवस मोजले जातात, आणि नक्कल तयार होऊन खिडकीवर पडून राहिली व आपण वीस दिवसांनी नेली, तर तेही वीस दिवस आपल्याच खात्यावर पडतात. निकाल संकेतस्थळावर वाचायला मिळतो म्हणून नकलेचा अर्ज लांबणीवर टाकू नये. ज्या दिवशी निकाल लागला त्याच दिवशी अर्ज करावा, पुढे जायचे ठरलेले नसले तरी करावा.

मुदत उलटून गेलीच तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. पुरेसे कारण दाखवले तर न्यायालय उदारपणे पाहते, हे १९८७ च्या कातिजी प्रकरणापासून सांगितले जाते. पण उदारपणाला मर्यादा आहेत. २०१२ मध्ये टपाल खात्याच्या प्रकरणात ४२७ दिवसांचा विलंब माफ करण्यास न्यायालयाने नकार दिला आणि फाईल टेबलावरून टेबलावर फिरत होती हे कारण सरकारलाही पुरणार नाही असे स्पष्ट केले. आजारपणाचे कारण असेल तर दवाखान्याचे कागद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले जपून ठेवावीत. आपण सांगितलेल्या तारखा आणि कागदांवरच्या तारखा जुळत नसतील तर अर्ज न केल्यासारखाच होतो.

याचिका दाखल झाली, पण स्थगिती मिळाली का?

हा दुसरा प्रश्न, आणि याच्या उत्तराने सर्वाधिक माणसे हादरतात. याचिका किंवा अपील दाखल झाल्याने उच्च न्यायालयाचा हुकूम थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती वेगळी मिळावी लागते. "नोटीस काढा" एवढाच आदेश झाला असेल तर समोरचा पक्षकार दरम्यान दरखास्त (हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालवून ताबा घेऊ शकतो, म्हणून आदेशात "स्थगिती" किंवा "जैसे थे" हे शब्द आहेत की नाहीत हे स्वतः वाचून खात्री करून घ्यावी. फौजदारी प्रकरणात कैदेची शिक्षा झालेली असेल, तर आरोपी शरण आल्याचा दाखला किंवा शरण येण्यापासून सूट मिळावी असा अर्ज सोबत लागतो. त्यावाचून याचिका सुनावणीला लागत नाही.

ज्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल लागला आहे त्यांनीही स्वस्थ बसू नये. समोरचा दिल्लीला जाईल असे वाटत असेल तर आधीच कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकावे अशी न्यायालयाला आगाऊ सूचना, दाखल करून ठेवावे, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळणे टळते.

कागद आणि भाषा

सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते, आणि २०१३ च्या सर्वोच्च न्यायालय नियमांनुसार इतर भाषेतला कोणताही कागद भाषांतराशिवाय वापरता येत नाही. नियमांना अभिप्रेत असलेले भाषांतर म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेले किंवा न्यायालयाने नेमलेल्या वा मान्यता दिलेल्या भाषांतरकाराचे. मुदतीच्या धावपळीत ते मिळवणे बहुधा शक्य नसते, त्यामुळे आमच्यासारख्यांनी केलेले भाषांतर जोडून अधिकृत भाषांतरापासून सूट मागणारा अर्ज वकील सोबत देतात. आमचे काम या स्वरूपाचे आहे, हे आम्ही प्रत्येक पक्षकाराला आधीच सांगतो.

भाषांतर म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवणे नव्हे, हे एका उदाहरणाने सांगतो. जुन्या दस्तांत "मुदत खरेदीखत" हा शब्द वारंवार येतो. ठरावीक वर्षांत पैसे परत केले तर जमीन परत द्यावयाची, असा त्याचा मजकूर असतो. आता हा व्यवहार शर्तीच्या विक्रीने केलेले गहाण आहे की फेरखरेदीची अट असलेली खरी विक्री आहे, यावर दावेच्या दावे चालले आहेत. गहाण ठरले तर ते सोडवून घेण्याचा हक्क दीर्घकाळ टिकतो, विक्री ठरली तर मुदत टळताच जमीन गेली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ च्या परंतुकाप्रमाणे परतीची अट त्याच दस्तात असल्याशिवाय व्यवहार गहाण मानता येत नाही, आणि अट त्याच दस्तात असली तरी पक्षकारांचा हेतू दस्ताच्या शब्दांवरून व भोवतालच्या परिस्थितीवरून पाहावा लागतो. अशा वेळी भाषांतरकाराने मथळ्यातच "मॉर्गेज" किंवा नुसते "सेल" लिहिले तर ज्या प्रश्नासाठी पक्षकार दिल्लीला चालला आहे त्याचे उत्तर भाषांतरकारानेच देऊन टाकले असे होते. आम्ही मूळ मराठी शब्द रोमन लिपीत तसाच ठेवतो आणि त्याचा शब्दशः अर्थ पुढे देतो. "वहिवाट" या शब्दाचेही तसेच. कुठे तो प्रत्यक्ष कसणूक दाखवतो, कुठे ताबा, तर कुठे जाण्यायेण्याचा रस्ता, त्यामुळे सातबाऱ्यातला आणि कैफियतीतला (प्रतिवादीच्या लेखी उत्तरातला) शब्द एकाच साच्याने उतरवता येत नाही.

कागदांची प्रत स्वच्छ असावी. सातबारा आणि फेरफार यांच्या झेरॉक्सवर कडेचा मजकूर अनेकदा कापला जातो, आणि इतर हक्कांच्या रकान्यातली एखादी महत्त्वाची नोंद तिथेच असते. मोडीतल्या दस्ताचे आधी देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे लागते आणि मगच भाषांतर होते, म्हणजे वेळ दुप्पट लागतो. खालच्या न्यायालयांच्या अभिलेखात नसलेला नवा कागद परस्पर जोडता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो आणि तो का आधी दिला नाही हे सांगावे लागते.

पेपरबुक ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेले असते. त्यात सारांश व तारखांचा घटनाक्रम, आव्हान दिलेला निकाल, कायद्याचे प्रश्न, कारणे आणि जोडपत्रे येतात. रजिस्ट्रीने (न्यायालयाच्या कार्यालयाने) त्रुटी काढल्या तर त्या दूर करण्यासाठी एकूण २८ दिवस मिळतात. अस्पष्ट पान आणि भाषांतर नसलेले जोडपत्र या त्रुटी आम्ही टाळू शकतो, पण कागद वेळेवर मिळाले तरच. ८५ व्या दिवशी आलेल्या चारशे पानांचे काम आम्ही घेत नाही, कारण घाईने केलेले भाषांतर पक्षकाराला पुढे अनेक वर्षे भोवते.

वकिलामार्फत याचिका दाखल करायची तर ती फक्त अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात कागद दाखल करण्यासाठी नोंदलेल्या वकिलांमार्फतच होते. आपल्या गावच्या किंवा उच्च न्यायालयातल्या वकिलांना त्यांच्याशी संपर्क साधावा लागतो. खर्च झेपणारा नसेल तर सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कामगार आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पाच लाख रुपये आहे. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, कारण शेत विकून फी भरलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

"फेटाळली" म्हणजे काय?

बऱ्याच याचिका पहिल्याच तारखेला, काही मिनिटांच्या सुनावणीनंतर, एका ओळीच्या आदेशाने फेटाळल्या जातात. हातात तो कागद घेऊन आलेल्या माणसाला वाटते की सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला खोटे ठरवले. तसे नसते. कारणे न देता परवानगी नाकारली असेल तर उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले असा अर्थ होत नाही, फक्त त्यात दखल घेण्यास नकार दिला एवढाच होतो. २००० सालच्या कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या निकालात हे सविस्तर मांडले आहे. अशा प्रसंगी उच्च न्यायालयात पुनर्विलोकनाचा (त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा असा) अर्ज करण्याची वाटही कायद्याने बंद होत नाही, अर्थात त्याची कारणे फार मर्यादित असतात. परवानगी मिळून अपिलाचा निकाल लागला असेल तर मात्र उच्च न्यायालयाचा निकाल त्यात विलीन होतो. मग उरते ३० दिवसांच्या आतली पुनर्विलोकन याचिका, जी सहसा न्यायमूर्तींच्या दालनातच, तोंडी युक्तिवादाशिवाय विचारात घेतली जाते. त्यानंतरची क्युरेटिव्ह याचिका (पुनर्विलोकनही फेटाळल्यावर चूक दुरुस्त करण्याची शेवटची विनंती) २००२ च्या रूपा हुर्रा निकालाने निर्माण झाली, पण ती अगदी विरळा प्रसंगांसाठी आहे. तिच्या आशेवर कुणी कर्ज काढू नये.

आमच्याकडे येताना प्रमाणित नक्कल, खालच्या दोन्ही न्यायालयांचे निकाल, दावा व कैफियत, आणि वकिलांनी दिलेली जोडपत्रांची यादी आणावी. मूळ दस्त आणू नयेत, स्वच्छ प्रती पुरतात. भाषांतराचा कच्चा मसुदा आम्ही आपल्याला वाचायला देतो. इंग्रजी येत नसेल तर आमच्यापैकी एकजण बसून तो आपल्याला मराठीत वाचून दाखवतो, आणि गावाचे नाव, गट नंबर, नात्यांची नावे आपण तपासून सही केल्यावरच अंतिम प्रत छापली जाते.