गाव पुणे महापालिकेत आलं, आता नळ आणि ड्रेनेजचं काय?

वाघोली, नऱ्हे, सूस, मांजरी बुद्रुकसारख्या गावांतल्या सोसायट्यांना पडणारा हा प्रश्न. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. हद्दीची रेष एका अधिसूचनेने सरकते, पाइप मात्र तसा सरकत नाही. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून होणाऱ्या प्रकल्पातली 396 एमएलडी (रोज 39.6 कोटी लिटर) क्षमतेची 11 मैलाशुद्धीकरण केंद्रंसुद्धा या समावेशाआधीच मंजूर झालेली, म्हणजे हिशेब जुन्या शहराचा.

म्हणून कागद गोळा करायच्या आधी क्षेत्रीय कार्यालयात पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या दोन्ही विभागांच्या अभियंत्यांना भेटा. आपल्या रस्त्यावर वितरण वाहिनी आहे का, ती कोणत्या टाकीवर आहे, टाकीत पाणी शिल्लक पडतं का, जवळची ड्रेनेज लाइन शेवटी शुद्धीकरण केंद्राला मिळते की ओढ्याला, हे विचारा. स्वतःची मागणीही आकड्यात मांडा. 100 सदनिका, घरटी 5 माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे रोज 67,500 लिटर: दहा हजारी टँकरच्या जवळपास सात खेपा. त्यातलं साधारण 80 टक्के, म्हणजे 54,000 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडणार. नळाचा अर्ज सगळे करतात. या 54,000 लिटरची आठवण चेंबर तुंबल्यावर होते.

पात्रतेत सर्वात मोठी अडचण भोगवटा पत्राची, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणाऱ्या दाखल्याची. वीज, पाणी, मलनिस्सारणाच्या जोडण्या पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात बजावलं आहे. 2021 च्या यादीतल्या गावांमधल्या बऱ्याच इमारती पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) परवानगीने उभ्या राहिल्या. तुमची तशी असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्राची प्रत तिथूनच काढावी लागेल. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीकरांनी मात्र महापालिकेत हेलपाटे घालू नयेत. 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, अर्जाचे अधिकार देणारा ठराव, मिळकतकराची चालू पावती आणि जोडणीची जागा दाखवणारा नकाशा ठेवा. अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत करावा. पाण्याचा आणि ड्रेनेजचा अर्ज वेगवेगळा असतो. रस्ता खोदावा लागणार असेल तर पथ विभागाची परवानगी आणि खोदाई शुल्क वेगळं. पावसाळ्यात खोदाई एरवी बंदच असते, त्यामुळे मे महिन्यात जागं होणाऱ्या सोसायटीची जोडणी दिवाळीपर्यंत लांबू शकते.

बिल्डरने बांधकाम परवानगीच्या वेळी पाण्याबद्दल हमीपत्र दिलं असेल, तर त्याची प्रत जरूर मिळवा; नाही दिली तर माहिती अधिकारात मागा. महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवण्याची जबाबदारी त्याने घेतलेली असेल, तर टँकरची बिलं सभासदांनी का भरायची? नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी तर रंगीत माहितीपत्रकाच्या आधी हाच कागद वाचावा.

सोसायटीत स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) असेल तर तो खरोखर चालू ठेवा. ‘आता ड्रेनेज मिळणारच आहे’ म्हणून तो बंद करणं हा शुद्ध आळस आहे. जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा पहिली शंका पिण्याच्या पाण्यावरच गेली होती. जोडणी मिळेपर्यंत विहीर, बोअर आणि टँकरचं पाणी तपासून घ्या.

अर्ज दिल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदतीत जोडणी किंवा लेखी कारण मिळालं नाही, तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली आधी त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे दोन अपिलं आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरं करता येतं. ‘लाइनच नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा. त्या कागदावर पुढच्या अंदाजपत्रकासाठी मागणी लावता येते.