बनावट औषधांची पारख (गोवा)

नावाजलेल्या औषधाची नक्कल ओळखून ती रुग्णाच्या हाती पडण्याआधी अडवणे, हे फार्मासिस्टच्या कामाचे सर्वांत कमी दिसणारे अंग. गोव्यात औषधाच्या दुकानाला सर्रास ‘फार्मसी’ म्हणतात, आणि ही पारख तिथल्या काउंटरमागेच होते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम १७-ब नुसार दुसऱ्या औषधाच्या नावाने बनवलेले, अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचे लेबल लावलेले किंवा आतला घटक बदललेले औषध ‘बनावट’ ठरते. दर्जा घसरलेले अस्सल औषध यात मोडत नाही. नेमकी इथेच गल्लत होते. २०१४–१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बनावट औषधे ०.०२४५ टक्के, तर कमी दर्जाची ३.१६ टक्के आढळली. गोव्याच्या दमट पावसाळ्यात हा फरक हातात धरून दाखवता येतो. ॲस्पिरिनच्या स्ट्रिपला बारीकसे भोक पडले की ओल शिरते, गोळीचे विघटन होते आणि फॉइल फाडताच व्हिनेगरसारखा वास येतो. ती गोळी टाकाऊ, पण बनावट नव्हे. उलट सफाईने केलेली नक्कल कोरडी, चकचकीत दिसू शकते.

म्हणून नुसत्या नजरेवर भागत नाही. जाणता फार्मासिस्ट स्ट्रिप, खोके आणि बिल या तिन्हींवरचे बॅच नंबर ताडून पाहतो. जुन्या मालातली स्ट्रिप शेजारी ठेवून छपाई आणि मुदतीच्या तारखेचा ठसा न्याहाळतो. १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. पण कोडही छापता येतो. स्कॅन केल्यावर दिसणारा बॅच हातातल्या स्ट्रिपशी जुळायला हवा. खरा आधार बिलाचाच. भरमसाट सवलतीचा बिनबिली माल घेणे म्हणजे नकलेला दार उघडून देणे. परवानाधारकाकडून रीतसर घेतलेला, नीट साठवलेला माल बनावट निघाला आणि वाजवी काळजी घेऊनही ते कळण्याजोगे नव्हते, तर कलम १९(३) विक्रेत्याला संरक्षण देते.

मूळचे गोव्यातल्या माशेलचे शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये बनावट औषधांसाठी कडक शिक्षेची शिफारस केली. २००८ च्या दुरुस्तीनंतर बनावट औषधाने मृत्यू ओढवल्यास किमान १० वर्षे कैद ते जन्मठेप होऊ शकते.

संशय आला की ती बॅच विक्रीतून बाजूला काढून अन्न व औषध प्रशासनाला कळवायचे. निरीक्षक सहसा नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करतो. त्यांतला एक दुकानदाराकडेच राहतो. तो सील न मोडता जपावा.