कातडीला बांधलेले स्नायू

दंडाची बेटकुळी काढून बघा. फुगून वर येणारा तो स्नायू एका टोकाला खांद्याच्या हाडाला आणि दुसऱ्या टोकाला कोपराच्या जरा पुढे, हाताच्या हाडाला बांधलेला असतो. तो आखडला की हाड ओढलं जातं आणि हात दुमडतो. शरीरातले बहुतेक स्नायू याच रीतीने काम करतात. आता आरशासमोर उभे राहा आणि भुवया उंचवा. कपाळावर आडव्या आठ्या पडल्या, पण हाड एकही हललं नाही. या स्नायूचं टोक कातडीत रुतलेलं आहे, त्यामुळे तो आखडला की कातडीच हलते.

चेहऱ्याला बोलता येतं ते या एका गोष्टीमुळे, असं मला वाटतं. हावभावांचे बहुतेक स्नायू कवटीच्या किंवा जबड्याच्या हाडावर सुरू होतात आणि त्वचेच्या आतल्या थरात जाऊन संपतात. कपाळावरच्या फ्रंटॅलिसला तर हाडाचा आधार मुळीच नाही. त्याचं वरचं टोक डोक्याच्या कातडीखालच्या चिवट पडद्यात आणि खालचं टोक भुवईच्या कातडीत.

विच्छेदनाच्या टेबलावर हा फरक हाताला कळतो. मांडीवरची कातडी सोलली की खाली चरबी लागते आणि तिच्याखाली स्नायूंवर ताणून बसवल्यासारखं पांढरं, भक्कम आवरण. कातडी आणि स्नायू सहज वेगळे होतात. चेहऱ्यावर ते आवरण बहुतेक ठिकाणी नसतंच. फिकट, पातळ तंतू चरबीतून वाट काढत वर येतात आणि कातडीत मिसळून जातात. पातं केसभर खोल गेलं तरी स्नायू कातडीबरोबरच उचलला जातो. इथे घाई अजिबात चालत नाही.

सुरकुत्यांचं कोडंही इथेच सुटतं. स्नायूचे तंतू ज्या दिशेने धावतात, तिला काटकोनात कातडीला घडी पडते. फ्रंटॅलिसचे तंतू उभे, म्हणून कपाळावरच्या आठ्या आडव्या. भुवया एकमेकींकडे ओढणारा कोरुगेटर तिरपा-आडवा, म्हणून चिडल्यावर दोन भुवयांच्या मधे उभ्या रेघा. डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय कड्यासारखा गोल आहे, त्यामुळे त्याच्या घड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून किरणांसारख्या पसरतात. तीच ती हसताना दिसणारी, वयाबरोबर पक्की होत जाणारी नक्षी. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करताना सर्जन शक्यतो या घड्यांच्या रेषेतच छेद घेतात. मग व्रण सुरकुतीत लपून जातो.

सगळ्यात जास्त गर्दी मात्र तोंडाभोवती आहे. अंगठा गालाच्या आतून आणि पहिलं बोट बाहेरून धरून ओठांच्या कोपऱ्यापासून साधारण एक सेंटीमीटर बाहेर चाचपून बघा. एक घट्टसर गाठ लागेल. तिला मोडिओलस म्हणतात. कित्येक स्नायूंचे तंतू इथे एकमेकांत गुंततात. गालाच्या हाडापासून तिरपा खाली येणारा झायगोमॅटिकस मेजर ही गाठ वर आणि बाहेर ओढतो, आपण हसतो. जबड्याकडून येणारा डिप्रेसर अँग्युलाय ओरिस ती खाली ओढतो, चेहरा पडतो. मागून गालाचा बक्सिनेटर येतो आणि ओठांभोवतीच्या गोल स्नायूत मिसळतो. रिसोरियस नावाचा एक पातळ स्नायू कोपरा सरळ बाजूला ताणतो. काही माणसांत तो नसतोच, आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नाही. झायगोमॅटिकस मेजर कधी कधी दोन फाट्यांत विभागलेला असतो. मधली कातडी आत ओढलेली राहते, आणि हसताना गालाला खळी पडते. इतकी कौतुकाची खळी म्हणजे खरं तर स्नायूला फुटलेला एक फाटा!

रडू फुटायच्या बेतातलं लहान मूल जवळून पाहिलं असेल तर आठवा. आधी ओठांचे कोपरे खाली जातात. मग खालचा ओठ पुढे येतो आणि हनुवटीच्या कातडीवर बारीक बारीक खळगे उठतात. ते काम मेंटॅलिसचं. तो खालच्या जबड्याच्या हाडापासून निघून हनुवटीच्या कातडीत संपतो, तिला वर ढकलतो आणि ओठाला पुढे काढतो. 'बाळाने ओठ काढला' असं आपण म्हणतो ते शरीररचनेच्या दृष्टीनेही अगदी नेमकं आहे.

बक्सिनेटरबद्दल थोडं. त्याचं नाव लॅटिनमधल्या तुतारी वाजवणाऱ्यावरून आलं आहे, कारण गालात भरलेली हवा दाबून बाहेर काढतो तो हाच. पण त्याचं रोजचं काम जेवताना चालतं. घास दातांखालून निसटून गालात गेला की गाल आत दाबून तो परत दातांवर आणायचा. हा स्नायू लुळा पडला की जेवताना अन्न गालात साठत राहतं. चावणारे स्नायू मात्र निराळे. दात घट्ट आवळून जबड्याच्या कोनापाशी हात लावला तर टणक लागतो तो मॅसेटर. तो हाडावरून हाडावर जाणारा आहे, आणि त्याची नसही वेगळी, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी.

हावभावांचे सगळे स्नायू सातव्या नसेच्या हुकमात आहेत. गर्भात ते एकाच ठिकाणी, मानेच्या भागात कमानीसारख्या उठलेल्या मांसल पट्ट्यांपैकी दुसऱ्या पट्टीत तयार होतात आणि तिथून चेहराभर, डोक्यावर, मानेवर पसरत जातात. जाताना आपली नस बरोबर घेऊन जातात. म्हणून कपाळापासून मानेवरच्या प्लॅटिस्मापर्यंत इतक्या लांबवर पसरलेल्या स्नायूंना प्रत्येक बाजूला एकच नस पुरते. ही नस कानामागच्या हाडातल्या सुमारे 3 सेंटीमीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून येते, कानाच्या पाळीखाली बाहेर पडते आणि गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीत शिरते. गंमत अशी की ग्रंथीला ती एकही फांदी देत नाही. फक्त तिच्या आत पाच फाट्यांत विभागून पलीकडे निघते. त्या ग्रंथीतली गाठ काढताना सर्जनचं अर्धं लक्ष या फाट्यांवर असतं.

तो हाडातला बोगदा अरुंद आहे, हीच अडचण. नस सुजली तर तिला फुगायला जागा नाही. माणूस सकाळी उठतो, चूळ भरतो आणि पाणी एका कोपऱ्यातून ओघळतं. आरशात बघतो तर तोंड वाकडं. 'तोंडावरून वारं गेलं' म्हणून घर घाबरतं. याला बेल्स पाल्सी म्हणतात, चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाच्या नावावरून. त्या बाजूचा डोळा मिटत नाही, कारण पापणी मिटणं सातव्या नसेचं काम आहे. उघडण्याचं काम तिसऱ्या नसेकडे आहे आणि ती शाबूत असते. उघडा राहिलेला तो डोळा कोरडा पडून इजा होऊ शकते, म्हणून त्याला थेंब आणि पट्टी लागते.

पक्षाघातातही तोंड वाकडं होतं. फरक कळतो कपाळावर. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून आज्ञा येते, चेहऱ्याच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे मेंदूतल्या नेहमीच्या झटक्यात तोंड वाकडं झालं तरी दोन्ही भुवया वर जातात. बेल्स पाल्सीत त्या बाजूचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं. ही डॉक्टरांची परीक्षा आहे, घरी करून निर्धास्त होण्याची नाही. तोंड अचानक वाकडं झालं की लगेच दवाखाना गाठायचा. झटका असेल तर मिनिटं मोलाची असतात, आणि बेल्स पाल्सी असेल तरी स्टेरॉइडची गोळी पहिल्या 72 तासांत सुरू झालेली बरी. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. काहींच्या नसेचे तंतू परत वाढताना वाट चुकतात. ओठांकडे जायचा तंतू पापणीत पोहोचतो, आणि मग ते हसले की डोळा आपोआप मिटतो. लाळेचा तंतू अश्रुग्रंथीत गेला तर जेवताना डोळ्यातून पाणी येतं.

एकाच हसण्याच्या मागे मेंदूतल्या दोन वाटा असतात, हे मला या सगळ्यात फार विलक्षण वाटतं. मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांना 'दात दाखवा' म्हटलं की एकच बाजू हलते. पण कोणी खरोखर हसवलं तर दोन्ही कोपरे सारखे वर जातात. काहींचं नेमकं उलट होतं. मुद्दाम हसण्याचा हुकूम एका वाटेने येतो आणि आतून आलेलं हसू दुसऱ्या. फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन याने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा हलका प्रवाह देऊन हावभाव उमटवले आणि 1862 मध्ये छायाचित्रांसह ते काम प्रसिद्ध केलं. त्याला दिसलं की ओठांचे कोपरे इच्छेनुसार वर नेता येतात, पण डोळ्याभोवतीचा गोल स्नायू तसा सहज ऐकत नाही. तोंडदेखलं हसू म्हणतात ते हेच. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या हालचालींना आकडे दिले. त्यात ओठांचा कोपरा वर जाणं म्हणजे 12 आणि डोळ्याच्या स्नायूने गाल उचलणं म्हणजे 6. मनापासूनच्या हसण्यात सहसा दोन्ही येतात. तरीही यावरून कोणाचा खरेखोटेपणा ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच लोकांना 6 हा आकडाही हवा तेव्हा आणता येतो.

मोबियस सिंड्रोम असलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर यातला एकही आकडा उमटत नाही. त्यांची सातवी नस जन्मापासूनच काम करत नाही, बहुधा दोन्ही बाजूंची. मूल आनंदात असतं, पण त्याच्या तोंडावरची माशीही हलत नाही, आणि समोरचा त्याला मख्ख समजून मोकळा होतो. अशा मुलांसाठी सर्जन मांडीच्या आतल्या बाजूच्या ग्रॅसिलिस स्नायूचा तुकडा रक्तवाहिन्या आणि नसेसह काढतात. जो स्नायू कमरेच्या हाडापासून गुडघ्याखालच्या हाडापर्यंत जात होता, त्याचं एक टोक आता ओठांच्या कोपऱ्याला शिवलं जातं. त्याची नस जोडतात ती मॅसेटरच्या, चावण्याच्या नसेला. काही महिन्यांनी स्नायू जागा होतो. सुरुवातीला मुलाला हसण्यासाठी दात आवळावे लागतात, आणि ते आरशासमोर बसून तसा सराव करतं. पुढे कित्येक मुलांना दात न आवळताही हसू येतं.