मुलांच्या पोटातील अन्न-ॲलर्जी आणि पाठीवरची पॅच चाचणी

संशयित अन्नपदार्थ मुलाच्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवून त्या जागी पुरळ उठते का, हे पाहण्याची पद्धत. वैद्यकात तिला ॲटोपी पॅच टेस्ट म्हणतात. खाल्ल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी पोटात त्रास देणाऱ्या ॲलर्जीचा अंदाज घेण्यासाठी ती वापरतात. अंदाज हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. निदानाचा शिक्का ही चाचणी मारू शकत नाही, आणि मराठवाड्यासारख्या भागात, जेथे मुलाच्या ताटातून एक पदार्थ काढणेही महाग पडते, हा फरक महत्त्वाचा ठरतो.

अन्नाची ॲलर्जी ढोबळपणे दोन तऱ्हेची असते. पहिली झटपट. शेंगदाणा किंवा अंडे खाल्ले की काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. हिच्यामागे आयजीई हे प्रतिपिंड असते. सुईने कातडी किंचित टोचून करायची प्रिक चाचणी आणि आयजीईची रक्तचाचणी यांचा उपयोग येथे होतो. दुसरी ॲलर्जी सावकाश चालते. तिच्यात मुख्य भूमिका टी-पेशींची, म्हणजे शरीराच्या संरक्षण करणाऱ्या एका तऱ्हेच्या पांढऱ्या पेशींची असते, अंगावर अनेकदा काहीच दिसत नाही आणि प्रिक व रक्त या दोन्ही चाचण्या बहुधा कोऱ्या येतात. आईवडील रक्ताचा भलामोठा अहवाल घेऊन येतात, त्यात सगळे ‘नॉर्मल’ असते आणि मूल मात्र ओकतच असते. बाजारात मिळणाऱ्या आयजीजी चाचण्यांचा तर ॲलर्जीशी संबंधच नाही. मूल तो पदार्थ खात आले आहे, एवढेच त्या सांगतात. टी-पेशींची ही सावकाश प्रतिक्रिया कातडीवर घडवून पाहावी, असा पॅच चाचणीमागचा विचार आहे.

उशिरा उठणाऱ्या या ॲलर्जीची रूपे वेगवेगळी असतात. अंगावर पिणाऱ्या, एरवी गुटगुटीत बाळाच्या शौचात शेम आणि रक्ताच्या रेघा दिसतात, तो गुदांत्राचा, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागाचा दाह. दुसऱ्या रूपात पदार्थ पोटात गेल्यावर एक ते चार तासांत मूल लागोपाठ ओकते, पांढरेफटक पडते, मलूल होते. अन्नातल्या प्रथिनांनी होणाऱ्या आतड्याच्या या दाहाला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफपीआयईएस म्हणतात. हे रूप जंतुसंसर्गासारखे दिसत असल्याने अशी मुले अनेकदा प्रतिजैविके घेऊनच घरी परततात. तिसऱ्यात जुनाट जुलाब होतात आणि वजन वाढत नाही. चौथे अन्ननलिकेच्या इओसिनोफिलिक दाहाचे, म्हणजे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तेथे साचून होणाऱ्या दाहाचे. त्यात मोठी मुले घास अडकतो म्हणतात, प्रत्येक घासाला पाणी पितात आणि जेवायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लावतात.

पॅच चाचणी मुळात पोटासाठी निघालेली नाही. त्वचारोगतज्ज्ञ योसेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये ती मांडली ती कातडीला स्पर्शाने होणाऱ्या ॲलर्जीसाठी. त्या कामात ती आजही उत्तम आहे. मराठवाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना ती परिचित आहे गाजर गवतामुळे. बांधावरच्या या गवताने शेतकऱ्याचा चेहरा, मान आणि हात काळवंडून खाजू लागले की पाठीवर पट्टी लागते. सिमेंट, केसांचा कलप, टिकलीचा गोंद यांसाठीही तिचा वापर होतो. या पदार्थांचे प्रमाणित नमुने तयार मिळतात. अन्नाचे तसे सर्वमान्य प्रमाण ठरलेले नाही. अर्धी अडचण येथूनच सुरू होते.

अन्नासाठी ती वापरण्याला जोर आला १९९० च्या दशकात. इसब असलेल्या बाळांवर फिनलंडमध्ये झालेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. गाईच्या दुधाने लगेच त्रास होणारी बाळे प्रिक चाचणीत सापडत होती, तर उशिरा त्रास होणारी पॅचमध्ये. पुढे फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयाने २००२ मध्ये अन्ननलिकेच्या दाहासाठी आणि २००६ मध्ये एफपीआयईएससाठी तिचे उत्साहवर्धक निकाल मांडले. २००६ च्या अभ्यासात मुले होती अवघी १९. इतक्या थोड्या मुलांवरचे निकाल टिकतीलच असे नसते, आणि तसेच झाले. २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, पदार्थ खाऊन ओकणाऱ्या बहुतेक मुलांच्या पाठीवर पट्टीखाली काहीच उठले नाही. अन्ननलिकेच्या दाहातही दुधाच्या बाबतीत ही चाचणी सर्वांत कच्ची निघाली, आणि त्या आजारात सर्वाधिक त्रास देणाऱ्यांत दूधच येते. अमेरिकेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी अन्न-ॲलर्जीच्या नेहमीच्या तपासणीत ती वापरू नये असे म्हटले, आणि २०१७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने एफपीआयईएससाठीही तिची शिफारस केली नाही. तरीही काही केंद्रांत, विशेषतः इसब आणि पोटाचा त्रास एकत्र असलेल्या मुलांत, कोणता पदार्थ आधी बंद करून पाहावा हे ठरवायला ती करतात.

करण्याची रीत अशी. ॲल्युमिनियमच्या चपट्या, बटणाएवढ्या वाट्यांत संशयित पदार्थ भरतात. दूध जसेच्या तसे किंवा दुधाची पावडर मिठाच्या पाण्यात कालवून, अंडे फेटून, गव्हाचे पीठ पाण्यात भिजवून. मुलांसाठी ८ मिलिमीटरच्या वाटीपेक्षा १२ मिलिमीटरची बरी. एका वाटीत नुसते मिठाचे पाणी असते, तुलनेसाठी. वाट्या पाठीच्या वरच्या भागावर, इसब नसलेल्या कातडीवर चिकटवतात आणि ४८ तासांनी काढतात. काढल्यावर पट्टीचा दाब उतरायला १५-२० मिनिटे थांबून पहिली नोंद घेतात आणि पट्टी लावल्यापासून ७२ तासांनी दुसरी. नुसती लाली धरत नाहीत. जागा हाताला टणक लागली पाहिजे, त्यावर बारीक पुळ्या हव्यात. पट्टी काढताना जोरात असलेली आणि दुसऱ्या दिवशी ओसरलेली खूण बहुधा नुसत्या चुरचुरण्याची असते. ॲलर्जीची खूण दुसऱ्या दिवशी वाढते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून येथे डोळ्यांपेक्षा बोटाच्या टोकावर भिस्त ठेवावी लागते. त्या जागी आधीचा आठवडाभर स्टिरॉइड मलम लावलेले नसावे.

कागदावर सोपी वाटणारी ही रीत मराठवाड्यात प्रत्यक्षात अवघड जाते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४० अंशांपलीकडे जातो. घामाने पट्टी सुटते, घामोळ्या उठतात, आणि पुळी ॲलर्जीची की उन्हाची हे सांगता येत नाही. दोन दिवस पाठ ओली करायची नाही, हे रांगत्या बाळाच्या घरी सांगणे सोपे, पाळणे कठीण. चार दिवसांत तीन खेपा लागतात. भूम किंवा सेनगाव तालुक्यातल्या वस्तीवरून शहरात तीन वेळा यायचे म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांची मुले दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर फडावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या बाबतीत ७२ तासांची नोंद राहून जाण्याचीच शक्यता जास्त, आणि पहिल्याच नोंदीवर काढलेला निष्कर्ष फसवा असू शकतो.

चाचणीच्या आधी घ्यायची हकीकत मात्र कुठेही घेता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. ‘काय खातं?’ या प्रश्नाला ‘सगळं खातं’ हे उत्तर ठरलेले. खोदून विचारावे लागते. बाळगुटीत मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड यांच्याबरोबर बदाम आणि खारीकही उगाळली जाते, म्हणजे ‘फक्त अंगावर पितं’ असे सांगितलेल्या बाळाच्या पोटात बदाम गेलेला असतो. वरचे अन्न सुरू होते भाताच्या पेजेने, मुगाच्या खिचडीने, तुरीच्या वरणाच्या पाण्याने. तांदूळ पचायला हलका ही समजूत खरी असली, तरी एफपीआयईएस घडवणाऱ्या धान्यांत तांदूळ वरच्या क्रमांकावर आहे. कडधान्येही त्या यादीत येतात. मोठ्या मुलांच्या जेवणात येसराची आमटी असेल तर त्या पिठात गहू, हरभरा डाळ आणि मसाले एकत्र भाजलेले असतात. शेंगदाण्याचा कूट कोणत्या भाजीत नसतो हे विचारणे जास्त सोपे.

अंगावर पिणाऱ्या बाळाला त्रास झाला की दोष आईकडे जातो: तिने थंड खाल्ले, वांगे खाल्ले. यात तथ्याचा अंश एवढाच, की आईने खाल्लेल्या दुधातली प्रथिने तिच्या दुधात उतरतात. शौचात रक्त दिसत असेल तर आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, खवा बंद करून पाहतात. अंगावर पाजणे थांबवायचे नसते. वांग्यावर बंदी घालून आईला उपाशी ठेवण्याने काही साधत नाही.

निदान ठरते ते पदार्थ बंद केल्याने त्रास जातो का आणि पुन्हा दिल्यावर परततो का यावर. आधी दोन ते चार आठवडे पदार्थ पूर्ण बंद, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू. ‘पूर्ण’ हा यातला अवघड भाग आहे. चहात बुडवलेल्या बिस्किटात दूध असते, आणि ‘एका बिस्किटानं काय होतंय’ म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. वेष्टनावर दूध, गहू, सोया, शेंगदाणा, अंडी यांचा उल्लेख करणे भारताच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे, पण किराणा दुकानातून सुटे आणलेल्या फरसाणाला वेष्टनच नसते.

गाईचे दूध बाधले तर म्हशीचे द्यावे, शेळीचे द्यावे, असा सल्ला गावात सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. या तिन्ही दुधांतली प्रथिने इतकी सारखी आहेत, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बाकीची दोन्हीही बाधतात. सोयाबीन लातूरच्या शिवारात भरपूर पिकते, पण दुधाने त्रास होणाऱ्या काही बाळांना सोयाही चालत नाही. गंमत म्हणजे, खोकल्यावर म्हणून चमच्याने मोजून दारोदार विकले जाणारे गाढविणीचे दूध आईच्या दुधाशी सर्वांत जवळचे असते आणि इटलीत या ॲलर्जीत त्यावर अभ्यासही झाले आहेत. मात्र ते अभ्यास निर्जंतुक केलेल्या, प्रमाणात दिलेल्या दुधावरचे. उघड्यावर काढलेल्या कच्च्या चमचाभर दुधाला ते लागू होत नाहीत. वैद्यकीय पर्याय म्हणजे प्रथिने तोडून बनवलेल्या पावडरीचे डबे, आणि त्यांचा खर्च अनेक घरांना झेपत नाही.

गहू बंद करायचा झाला तर येथे ज्वारीची भाकरी ताटात आधीच असते, ही मोठी सोय. पण गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पिठात गहू उतरतो. सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराचा संशय असेल तर त्याची रक्तचाचणी गहू खात असतानाच करून घ्यावी. आधीच बंद केला तर चाचणी कोरी येऊ शकते. सीलिॲक हा ॲलर्जीचा प्रकार नाही आणि पॅच चाचणी त्यात कामाची नाही. जुलाबानंतर काही दिवस दूध न पचणे, फसफसणारे शौच आणि लाल झालेले ढुंगण, हीदेखील ॲलर्जी नव्हे. ते दुधातल्या साखरेचे तात्पुरते अपचन असते.

ॲलर्जीचा विचार करण्याआधी साधी कारणे तपासावी लागतात: आव, जंत, गुदाची चीर, मोठ्या मुलांत पोटाचा क्षयरोग. लहान बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल आणि शौचात जेलीसारखे रक्त असेल, तर आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. तेव्हा पट्टीचा विचार सोडून थेट रुग्णालय गाठावे. दुर्बिणीची तपासणी आणि शस्त्रक्रियेची सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहे. छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय महाविद्यालये ही या भागातली मोठी सरकारी ठिकाणे.

चुकीच्या ‘पॉझिटिव्ह’ पट्टीची किंमत मुलाला मोजावी लागते. दूध, अंडे आणि गहू एकाच कागदावर लाल पेनाने खोडले आणि त्याजागी काय द्यायचे ते सांगितले नाही, तर आधीच वजन कमी असलेले मूल कुपोषणाकडे सरकते. म्हणून एका वेळी एकच पदार्थ बंद करावा, वजनाची नोंद ठेवावी आणि काही आठवड्यांत फरक पडला नाही तर तो परत सुरू करावा.

बहुतेक मुले यातून बाहेर पडतात. दुधाने होणारा गुदांत्राचा दाह साधारण वर्षाच्या आसपास शमतो, तर दुधाचा एफपीआयईएस बऱ्याच मुलांत तिसऱ्या वर्षापर्यंत. गुदांत्राच्या दाहात डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच थोडे थोडे दूध देऊन पाहता येते. एफपीआयईएस होऊन गेलेल्या मुलाला तो पदार्थ पुन्हा द्यायचा तो रुग्णालयात, सलाईनची तयारी ठेवून आणि नंतर काही तास मूल तेथेच ठेवून.