ईबेवर खरेदीदार ऑर्डर रद्द करायला सांगतो तेव्हा: मुदत, कारण आणि जपून ठेवायचे पुरावे

‘चुकून घेतलं गेलं, कॅन्सल कराल का?’ ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाला हा मेसेज कधी ना कधी येतोच. जीव खट्टू होतो, पण लगेच उत्तर देऊ नका. आधी पैसे आलेत का आणि पार्सल निघालंय का, ते बघा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

विनंती कोण, कधी करू शकतं?

खरेदीनंतर पहिल्या तासाभरात खरेदीदाराला ऑर्डरमधूनच रद्द करण्याची विनंती पाठवता येते. तास उलटला की त्याला तुम्हाला मेसेज करून विचारावं लागतं. विनंती आल्यावर हो किंवा नाही म्हणायला ३ दिवस मिळतात. विक्रेता म्हणून तुम्हाला स्वतःहून रद्द करायची असेल, तर विक्रीपासून ३० दिवसांपर्यंत करता येते. मात्र ‘वस्तू मिळाली नाही’ अशी तक्रार किंवा परतीची विनंती आधीच दाखल झाली असेल, तर हा मार्ग बंद होतो.

हो म्हणण्याची सक्ती नाही. तरीही माल घरातून निघाला नसेल तर मी हो म्हणतो. नकोशी झालेली वस्तू गळ्यात मारली की ती परत येण्याचीच शक्यता जास्त, आणि तोवर दोन्ही बाजूंचा टपालखर्च होऊन बसलेला असतो.

पार्सल निघालं असेल तर गोष्ट वेगळी. एकदा कॅमेऱ्याची जुनी लेन्स फोममध्ये गुंडाळून, खोक्याला दोनदा टेप मारून टपालात दिली आणि पावती खिशात घालतोय तोच फोनवर विनंती आली. मी ती नाकारली, ट्रॅकिंग क्रमांक दिला आणि लिहिलं, ‘पार्सल निघालंय. मिळाल्यावर नको वाटलं तर परतीच्या नियमांप्रमाणे परत पाठवा.’ त्या वेळी हो म्हटलं असतं तर पैसे परत गेले असते आणि लेन्सही वाटेवरच राहिली असती.

कारण नीट निवडा

सेलर हबमध्ये (ईबेवरच्या विक्रेत्याच्या कामकाजाच्या पानावर) ऑर्डर्समध्ये जाऊन ती ऑर्डर निवडली की रद्द करण्याचा पर्याय मिळतो आणि कारण विचारलं जातं. खरी चूक इथे होते. ‘खरेदीदाराने रद्द करायला सांगितलं’ किंवा ‘पत्त्यात अडचण’ या कारणांचा ठपका तुमच्यावर येत नाही. ‘माल संपला’ निवडलं तर तुमच्या खात्यात त्रुटी नोंदते, आणि अशा त्रुटी एकूण व्यवहारांच्या २ टक्क्यांच्या वर गेल्या तर विक्रेत्याचा दर्जा घसरू शकतो. त्या भीतीने खोटं कारण टाकू नका. ते नियमाविरुद्ध आहे, आणि खरेदीदाराने मागितलंच नव्हतं हे मेसेजमधून लगेच कळतं.

पैसेच भरले नसतील तर ४ दिवस थांबा. त्यानंतर ‘खरेदीदाराने पैसे भरले नाहीत’ हे कारण देऊन रद्द करा. याची नोंद खरेदीदाराच्या खात्यावर राहते. हे काम सेटिंगमधून आपोआप होईल असंही ठेवता येतं.

हाताशी काय असावं?

ऑर्डर क्रमांक, साइटच्या मेसेजमधलीच सगळी बोलणी, टपालाची पावती, ट्रॅकिंग क्रमांक आणि पॅक करण्याआधीचा वस्तूचा फोटो. खरेदीदार फोनवर बोलला असेल तर ‘आपलं बोलणं झालं ते इथे लिहून पाठवा’ म्हणा. उद्या त्याने बँकेकडून पैसे परत मागितले, तर उत्तर द्यायला फक्त ५ दिवस मिळतात. तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो.

रिफंड नेहमी त्या ऑर्डरमधूनच द्या. ‘माझ्या दुसऱ्या खात्यात पाठवा’ असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या. बाहेरून पैसे दिलेत आणि त्याने साइटवरूनही रिफंड मागितला, तर दोनदा भुर्दंड बसतो.

लिलाव न करता ठराविक किमतीला विकायला ठेवलेल्या वस्तूच्या लिस्टिंगला (विक्रीच्या जाहिरातीला) ‘लगेच पैसे भरणे आवश्यक’ हा पर्याय लावा. पैसे न भरता वस्तू अडवून ठेवणारे त्यानेच बरेच कमी होतात. पैसे न भरल्याच्या नोंदी असलेल्या खरेदीदारांना अडवण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे. आणि लिलाव जिंकणाऱ्याने पाठ फिरवली, तर वस्तू पुन्हा लिस्ट करण्याआधी त्याच्या खालच्या बोलीवाल्याला दुसऱ्या संधीची ऑफर पाठवून बघा. त्याला ती वस्तू खरंच हवी होती.