एकशे साठ वर्षं गुन्हा मानलेलं दुःख

मनावरचा ताण सोसवेनासा झाला तर बोला, मदत मागा, असं आज सगळीकडे सांगितलं जातं. पण ज्यांचं दुःख अगदी टोकाला गेलं होतं, त्यांनी तोंड उघडणंच आपल्या कायद्याने पिढ्यानपिढ्या धोक्याचं करून ठेवलं होतं. आपल्या घरांमधल्या गप्प बसण्याच्या सवयीमागे या कायद्याचाही हात आहे.

१८६० साली ब्रिटिशांनी केलेली भारतीय दंड संहिता १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत साधी कैद होऊ शकत होती. इंग्लंडने आपल्याकडचा असा गुन्हा १९६१ मध्ये रद्द केला, आपण मात्र तो जपून ठेवला. कायदा आयोगाने १९७१ मध्ये हे कलम काढण्याची शिफारस केली. तसं विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, पण लोकसभा बरखास्त झाली आणि ते तिथेच राहिलं.

या कलमाचा खरा फटका तुरुंगाबाहेरच बसत होता. माणूस जीव वाचून दवाखान्यात आला की आधी ‘पोलीस केस आहे का?’ हा प्रश्न. मग घरचे सांगणार, ‘चुकून झालं’, ‘अपघात झाला’. शरीरावर उपचार व्हायचे, मनाची चौकशीच राहून जायची. ज्याला त्या क्षणी कुणाशी तरी बोलण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याला जबाब देण्याची भीती घातली जात होती. मला हे फार क्रूर वाटतं.

या क्रौर्यावर नेमकं बोट ठेवलं ते मुंबई उच्च न्यायालयाने, १९८६ मध्ये. प्रकरण मुंबईतल्या एका पोलीस शिपायाचं होतं. रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार लागला आणि पुढे मानसिक आजार जडला. बायकोला भाजीचं दुकान टाकायला परवाना हवा होता. त्यासाठी तो महापालिका आयुक्तांना भेटायला गेला, भेट मिळाली नाही, आणि तिथेच त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर ३०९ लागलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकालात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. मानसिक आजारातून असं पाऊल उचलणाऱ्याला मानसोपचारांची गरज असते, कोठडीत त्याची अवस्था आणखी बिघडणारच, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. आजही तो निकाल वाचावा असा आहे.

१९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम रद्द ठरवलं, पण १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय फिरवला आणि कलम पुन्हा जिवंत झालं. २०११ मध्ये केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या दयामरणाच्या प्रकरणात निकाल देताना, अशा माणसाला शिक्षेची नव्हे, मदतीची गरज असते, असं न्यायालयाने म्हटलं आणि कलम काढण्याचा विचार संसदेने करावा असं सुचवलं.

बदल आला तो २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र तणावाखाली होती असं मानावं आणि तिला शिक्षा करू नये. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरली. दीड शतक आरोपी असलेला माणूस इथे पहिल्यांदा कायद्याच्या लेखी मदतीचा हक्कदार झाला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवाही याच वाटेवरची. १४४१६ या नंबरवर दिवसरात्र, मराठीतूनही, मोफत बोलता येतं. तिथे फोन करायला दुःख टोकाला जाण्याची वाट पाहायची गरज नाही.

१ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३०९ पुस्तकातूनही गेलं. मात्र नव्या संहितेत कलम २२६ आहे. सरकारी अधिकाऱ्याला एखादी गोष्ट करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न करणं हा आजही गुन्हा आहे. दाद मागायला मंत्रालयात आलेल्या हताश माणसांमुळे २०१८ मध्ये तिथे संरक्षक जाळी बसवावी लागली, हे आपण पाहिलं आहे. अशा माणसाच्या बाबतीत पोलिसांनी २२६ पाहायचं की ११५, याचं उत्तर कायद्यातच नि:संदिग्ध असायला हवं. १९८५ मध्ये आयुक्तांच्या दारात उभा असलेला तो शिपाई आज असता, तर त्याच्याही बाबतीत हा प्रश्न उभा राहिला असता.