आलावाचे प्रांतशासन आणि बास्क सरकार

उत्तर स्पेनमधील आलावा प्रांताविषयी वाचताना ‘व्हितोरिया-गास्तेइसमधील सरकार’ असा उल्लेख आला, की तो नेमका कोणाचा हे तपासून घ्यावे लागते. या शहरात आलावाचे प्रांतशासन, म्हणजे ‘दिपुतासिओन फोराल’, आहेच. शिवाय आलावा, बिस्काया आणि गिपुस्कोआ या तिन्ही प्रांतांचे सामाईक बास्क सरकारही येथूनच चालते.

दोघांचे सभागृह वेगळे. प्रांताच्या ‘हुंतास हेनेरालेस’मध्ये ५१ प्रतिनिधी असतात, तर बास्क संसदेत ७५, आणि तेथे प्रत्येक प्रांताला सारख्याच २५ जागा असल्याने, बिस्कायाच्या एकतृतीयांशही लोकसंख्या नसलेल्या आलावाचे वजन बरेच वाढते.

खरा फरक मात्र तिजोरीत आहे. सहसा वरचे सरकार कर गोळा करते आणि खालच्यांना अनुदान देते. येथे प्रवाह उलटा आहे. प्राप्तिकर, कंपनीकर आणि मूल्यवर्धित कर प्रांतशासनाच्या तिजोरीत जमा होतात, त्यातून माद्रिदच्या केंद्र सरकारचा ठरलेला हिस्सा चुकता होतो आणि उरलेल्यातील सुमारे ७० टक्के रक्कम बास्क सरकारला मिळते. म्हणजे अधिकारांनी मोठे असलेले सरकार पैशासाठी प्रांतांवर अवलंबून आहे, ही गोष्ट स्पेनमधील इतर भागांतल्या लोकांनाही चटकन पटत नाही.

एब्रो नदीच्या काठी, लागुआर्दियाच्या परिसरात द्राक्षमळा असलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याचा प्राप्तिकर प्रांताकडे जातो आणि गावाकडचा रस्ताही प्रांतच राखतो. पण मुलांची सरकारी शाळा, ‘ओसाकिदेत्सा’ या सरकारी आरोग्यसेवेचे केंद्र आणि ‘एर्त्साइन्त्सा’ हे पोलीसदल बास्क सरकारचे असते.

ही करव्यवस्था १८७८ पासूनची. स्पेनच्या गृहयुद्धात, १९३७ मध्ये, बंडखोरांचा नेता फ्रँकोने बिस्काया आणि गिपुस्कोआला ‘देशद्रोही’ ठरवून ती काढून घेतली. बंडखोरांच्या बाजूने राहिलेल्या आलावाकडे मात्र ती टिकली. त्यामुळे १९७९ च्या स्वायत्तता कायद्यानंतर बास्क सरकार उभे राहिले, तेव्हा आलावाची करयंत्रणा चालूच होती, इतर दोघांना ती १९८१ मध्ये परत मिळाली.

नकाशावर आणखी एक फसगत होते: त्रेविन्यो. चहूबाजूंनी आलावाने वेढलेला हा भाग बुर्गोस प्रांताचा, म्हणजे शेजारच्या कास्तिया-लेओन या स्वायत्त प्रदेशाचा आहे. तेथे आलावाचे प्रांतशासन किंवा बास्क सरकार, कोणाचीच सत्ता चालत नाही.